नाकाचं हाड ‘वाढलंय’: ऑपरेशन करायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा. वय २९, राहणार नाशिक. उजवी नाकपुडी लहानपणापासून बंद असते, रात्री तोंड उघडं टाकून झोप लागते, सकाळी घसा कोरडा पडलेला असतो. दोन वर्षांपासून रोज रात्री नाक मोकळं करणारे थेंब टाकल्याशिवाय झोप येत नाही. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये नाकाचा पडदा उजवीकडे सरकल्याचं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात करून टाका, दुसरे म्हणतात असू दे, सगळ्यांचंच थोडंफार वाकडं असतं. मामांचं हेच ऑपरेशन वीस वर्षांपूर्वी झालं होतं, त्यांचं ‘हाड परत वाढलं’. आईला भीती वाटते. लेझरने होतं का, चेहरा बदलतो का, बोळे काढताना फार दुखतं का, घोरणं जाईल का?

मी २३ वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते आणि ही शस्त्रक्रिया नियमित करते. तुमच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर देते, पण आधी तपासणीबद्दल आणि त्या थेंबांबद्दल बोलू द्या, कारण ऑपरेशन करायचं की नाही हे तिथेच ठरतं.

‘हाड वाढलंय’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की आम्ही डॉक्टरसुद्धा तोच वापरतो. त्यातून फार गैरसमज होतात. नाकाच्या दोन पोकळ्यांमध्ये एक उभी भिंत असते, तिला पडदा म्हणतात. नाकाचा शेंडा चिमटीत धरून इकडे-तिकडे हलवून बघा. तिथे पडदा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भागाचा आहे, म्हणून हलतो. मागे गेलं की तोच पडदा पातळ हाडाचा होतो. वाढीच्या वयात कूर्चा आणि हाड सारख्या वेगाने वाढले नाहीत, किंवा लहानपणी नाकावर पडणं झालं, की हा पडदा एका बाजूला झुकतो. कधी कूर्चा आणि हाडाच्या सांध्यावर काट्यासारखा कंगोरा निघतो, कधी दोन्हीकडे वळून इंग्रजी एस अक्षरासारखा आकार होतो. मोठ्या माणसात त्याची गाठीसारखी ‘वाढ’ होत नसते. तो वाकलेला असतो, इतकंच.

आणि अगदी सरळ पडदा असलेली माणसं कमीच. त्यामुळे कोणाचाही स्कॅन काढला तरी रिपोर्टमध्ये ‘डीएनएस’ (डेव्हिएटेड नेझल सेप्टम, म्हणजे वाकलेला पडदा) ही तीन अक्षरं येण्याची शक्यता भरपूर. तुमचे दुसरे डॉक्टर तेवढ्यापुरतं बरोबर बोलले. नुसता पडदा बघण्यासाठी सीटी स्कॅन लागतही नाही. सायनसचा आजार, पॉलिप (नाकातली मऊ, फुगीर वाढ) असा संशय असेल तर त्याचा उपयोग होतो. मी ऑपरेशन ठरवते ते तक्रार आणि नाकाच्या आतलं चित्र एकमेकांशी जुळतं का, हे बघून.

ते कसं बघते ते सांगते. जीभ दाबायची स्टीलची पट्टी थंड करून नाकाखाली आडवी धरायची आणि पेशंटला तोंड मिटून श्वास सोडायला सांगायचं. पट्टीवर वाफेचे दोन ठसे उमटतात. उजवा ठसा बोराएवढा आणि डावा रुपयाएवढा असेल, तर पेशंट खरंच एका बाजूने श्वास घेतोय हे दोघांनाही डोळ्यांनी दिसतं. मग नाकपुडीशेजारचा गाल दोन बोटांनी हलकेच बाहेर ओढायचा. तसं करताच श्वास एकदम मोकळा झाला तर अडथळा नाकाच्या पुढच्या, सगळ्यात अरुंद जागी आहे, ज्याला आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. नाकातल्या हवेला होणाऱ्या अडथळ्यात त्या चिंचोळ्या जागेचा वाटा सर्वात मोठा असतो. म्हणून तिथला दोन मिलिमीटरचा वाकडेपणा जीव नकोसा करतो आणि मागे असलेला मोठा काटा कधी कधी पेशंटला जाणवतही नाही.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी दुर्बिणीने नाक बघायचं, मग नाक मोकळं करणारं औषध टाकून दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बघायचं. बाजूच्या भिंतीवर टर्बिनेट नावाचे मांसल उंचवटे असतात. औषधाने ते आक्रसतात. औषधानंतर पेशंट म्हणाला, ‘डॉक्टर, आता अगदी मोकळं वाटतंय,’ तर त्रासाचा मोठा भाग सुजेचा आहे, म्हणजे बहुधा अ‍ॅलर्जीचा. औषधानंतरही ती बाजू बंदच राहिली तर अडथळा पडद्याचा आहे, आणि तिथे कुठलाही स्प्रे पुरा पडणार नाही.

तुमचं नाक ‘कधी उजवं, कधी डावं’ असं आलटून-पालटून बंद होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. ते नीट आठवून बघा. टर्बिनेट दर काही तासांनी पाळीपाळीने सुजतात आणि उतरतात. हे बहुतेकांच्या नाकात होतं. जर्मन डॉक्टर कायझर यांनी १८९५ मध्ये या चक्राचं वर्णन केलं. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते, तेही स्वाभाविक आहे. बाजू बदलत असेल तर पडदा हा मुख्य गुन्हेगार नसतो, कारण पडदा काही बाजू बदलत नाही. काही पेशंट तर मोकळ्या बाजूचीच तक्रार घेऊन येतात. पडदा एकीकडे झुकला की दुसऱ्या बाजूचं टर्बिनेट ती रिकामी जागा भरायला फुगतं, आणि ते सुजलं की तीच बाजू जास्त जाणवते.

श्वास मोकळा वाटणं आणि हवा खरंच जास्त जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत जाणाऱ्या हवेने आतलं आवरण थंड होतं आणि तो गारवा मेंदूला ‘मोकळं’ म्हणून कळतो. मेंथॉलचा बाम नाकाखाली चोळला की लगेच बरं वाटतं ते यामुळेच. तो गारव्याची नस चाळवतो, वाट तेवढीच राहते. हे सांगण्याचं कारण असं की टर्बिनेट फार कापून टाकली तर नाक भुयारासारखं रिकामं होतं, आतला गारव्याचा आणि ओलाव्याचा पृष्ठभाग जातो आणि माणसाला श्वास पुरतच नाही असं वाटत राहतं. तो त्रास फार वाईट. म्हणून ‘पडद्याबरोबर टर्बिनेटही काढून टाकू’ असं कोणी म्हणालं तर किती आणि कसं, हे जरूर विचारा. आकार थोडा लहान करणं ठीक आहे, पूर्ण काढणं मी करत नाही.

आता थेंब. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब सर्दीत पाच ते सात दिवस वापरायचे असतात. त्यापुढे गेलं की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. दोन वर्षं रोज वापरल्यावर तुमच्या नाकात आत्ता किती त्रास पडद्याचा आहे आणि किती थेंबांचा, हे कोणताही डॉक्टर एका भेटीत सांगू शकणार नाही. अशा नाकावर घाईने केलेलं ऑपरेशन अर्धवट समाधान देतं. पडदा सरळ होतो, सूज तशीच राहते आणि पेशंट म्हणतो ऑपरेशन फसलं.

माझ्याकडूनही असं एकदा झालंय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या मुलाचा पडदा मी सरळ केला. दुर्बिणीत काम अगदी स्वच्छ दिसत होतं. तीन महिन्यांनी तो आला आणि म्हणाला, ‘मॅडम, काहीच फरक नाही.’ मी पुन्हा दुर्बीण घालून सरळ पडदा बघत राहिले. मग त्याला जोरात श्वास घ्यायला सांगितलं आणि बाहेरून बघितलं, तर नाकपुडीची बाजूची भिंतच आत ओढली जात होती. व्हॉल्व्ह कमजोर होता. गाल ओढून बघण्याची वीस सेकंदांची तपासणी मी आधी केली नव्हती. त्याला दुसरं ऑपरेशन करून कूर्चेच्या पट्टीचा आधार द्यावा लागला. तेव्हापासून दुर्बीण हातात घेण्याआधी मी पेशंटला नुसता श्वास घेताना बघते.

तरीही हे ऑपरेशन कुचकामी आहे, असा अर्थ काढू नका. योग्य नाकात ते फार चांगलं काम करतं आणि आता त्याला भक्कम पुरावाही आहे. नेदरलँड्समधल्या १८ रुग्णालयांत २०३ प्रौढांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांचं एकूण स्वास्थ्य बाकीच्यांपेक्षा चांगलं होतं. ब्रिटनमध्ये ३७८ जणांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘बीएमजे’ने छापला. त्यात अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना सहा महिने स्टिरॉइड व मिठाच्या पाण्याचे स्प्रे, अशी विभागणी होती. नाकाच्या त्रासाची ० ते ११० अशी मोजपट्टी असते, आकडा जितका कमी तितका त्रास कमी. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटाची सरासरी १९.९ होती, स्प्रेच्या गटाची ३९.५. हा फरक मोठा आहे. मात्र ही सगळी माणसं नाक नीट तपासून निवडलेली होती, हे विसरता कामा नये.

मामांच्या ‘परत वाढलेल्या’ हाडाबद्दल. १९०२ ते १९०४ च्या सुमाराला शिकागोचे फ्रीअर आणि जर्मनीचे किलियन यांनी पडद्याचं आवरण उचलून आतली वाकडी कूर्चा आणि हाड मोठ्या प्रमाणात काढून टाकायची पद्धत बसवली. ती कित्येक दशकं चालली. त्यात काहींचा पडदा इतका पातळ राही की श्वासाबरोबर पडद्यासारखाच फडफडे, काहींना भोक पडे, काहींच्या नाकाचा मधला भाग बसे. पुढे शिकागोचेच कॉटल आणि इतरांनी, काढा कमी आणि सरळ करून परत ठेवा, हा विचार रुजवला. आज आपण सेप्टोप्लास्टी म्हणतो ती ही. मामांचं नेमकं काय केलं होतं ते त्यांच्या कागदांवरूनच कळेल. पण ऑपरेशननंतर नाक पुन्हा बंद होतं तेव्हा कारणं बहुतेक ठरलेली असतात. अगदी पुढचा किंवा अगदी वरचा वाकडेपणा नाजूक म्हणून राहून गेला, कूर्चा आपल्या जुन्या वळणावर परत गेली, पडदा आणि टर्बिनेट एकमेकांना चिकटले, किंवा अ‍ॅलर्जी आधीही होती आणि नंतरही राहिली. यातलं शेवटचं मी सगळ्यात जास्त बघते.

ऑपरेशन बहुतेक ठिकाणी पूर्ण भुलेखाली होतं आणि पाऊण ते दीड तास चालतं. बाहेर कुठेही छेद नसतो. नाकपुडीच्या आत, पडद्याच्या कडेला एक उभा छेद घेऊन आवरण कूर्चेपासून सोडवायचं. ज्या चपट्या उपकरणाने ते सोडवतो त्याला आजही फ्रीअरचंच नाव आहे. थर बरोबर सापडला की रक्त जवळजवळ येत नाही आणि समोर मोत्यासारखी निळसर पांढरी कूर्चा दिसते. कांद्याचा पापुद्रा न फाडता सोलावा तसं ते काम. कंगोऱ्यावर आवरण ताणून अगदी पातळ झालेलं असतं, तिथे माझा हात आपोआप मंदावतो. एका बाजूला फाटलं तर भरून येतं. दोन्ही बाजूंना समोरासमोर फाटलं तर कायमचं भोक राहू शकतं. मग वाकडा हाडाचा भाग काढायचा, कूर्चेचा ताण सोडवायचा, आणि वरच्या व पुढच्या कडेला किमान एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी अखंड ठेवायची. सुताराच्या गुण्यासारखी ही काटकोनी पट्टीच तुमच्या नाकाचा आकार तोलून धरते. शेवटी आवरण परत बसवून आरपार विरघळणारे टाके.

म्हणून चेहरा बदलत नाही. बाहेरून दिसणारं नाकच वाकडं असेल आणि तेही सरळ हवं असेल तर ती वेगळी, मोठी शस्त्रक्रिया. लेझरबद्दल स्पष्ट सांगते. जाहिरातीत ‘लेझरने नाकाचं हाड’ असं लिहिलेलं असतं, पण लेझरचा वापर मुख्यतः टर्बिनेटवर होतो. वाकलेला हाड-कूर्चेचा पडदा हातानेच सरळ करावा लागतो. दुर्बिणीतून केलं तर आत नीट दिसतं, मागचा काटा नेमका काढता येतो. तो खरा फायदा आहे.

बोळ्यांची भीती मी सगळ्यांच्या डोळ्यांत बघते. तुम्ही ज्यांच्या गोष्टी ऐकल्यात त्यांच्या नाकात वितभर लांब गॉजची पट्टी कोंबलेली असायची आणि ती ओढून काढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आता आरपार टाके नीट घेतले तर अनेकदा बोळे लागतच नाहीत. लागलेच तर स्पंजसारखे असतात, २४ ते ४८ तासांत निघतात. काढण्याआधी ते मिठाच्या पाण्याने भिजवून मऊ करायचे, म्हणजे चिकटत नाहीत. दहा सेकंद घाण वाटतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि संपतं. काही वेळा आत सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या ठेवतात. त्या साधारण आठवड्याने निघतात आणि फारसं दुखत नाही. बोळे असतील ती पहिली रात्र मात्र कठीण जाते, हे लपवत नाही. दुखण्यापेक्षा तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि घास गिळताना कानात दडे बसतात, त्याचाच वैताग. उशाला पाणी ठेवा, डोकं दोन उशांवर ठेवा, ओठांना तूप लावा.

धोके कोणते? रक्त येणं, जंतुसंसर्ग, पडद्याच्या आवरणाखाली रक्त साठणं, भोक, आतून चिकटणं, पुढच्या वरच्या दातांना काही आठवडे बधिरपणा, क्वचित वास कमी येणं, फारच क्वचित नाकाचा मधला भाग बसणं. शिवाय त्रास अपेक्षेइतका कमी न होण्याची शक्यता असते, आणि ती संमतीपत्रावर सही घेण्याआधी डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवी. तुम्ही तंबाखू, सिगारेट किंवा घरातलं कोणी ओढतं म्हणून तपकीर ओढत असाल तर आधीच बंद करा. जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

नंतरचे दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. जड उचलणं, जिम, कढत पाण्याने आंघोळ टाळा. मैदानी खेळ सहा आठवड्यांनंतर. बहुतेक जण आठवड्याभरात ऑफिसला जातात. आत खपल्या धरतात, त्यामुळे सुरुवातीला नाक आधीपेक्षाही बंद वाटतं आणि पेशंट घाबरतात. मिठाच्या पाण्याने धुणं हाच त्यावरचा इलाज. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं सरळ कधीच नको. पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ पुरतं. जलनेती जमत असेल तर सर्जनने परवानगी दिल्यावर तीच करा, उत्तम आहे. ताप आला, दोन्ही नाकपुड्या अचानक गच्च होऊन ठणकायला लागल्या, किंवा दहा मिनिटं नाक दाबून पुढे वाकून बसल्यावरही रक्त थांबलं नाही, तर रात्र असली तरी फोन करायचा.

घोरण्याबद्दल आशा बेताचीच ठेवा. घोरण्याचा उगम बहुधा घशात, टाळूच्या मागे असतो. नाक मोकळं झाल्याने थोडा फरक पडतो. पण झोपेत श्वास थांबत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर आधी झोपेची तपासणी करा. अशा पेशंटला झोपेत नाकातून हवेचा दाब देणारं मशिन लावायचं झालं तर मोकळ्या नाकात ते सुसह्य होतं, म्हणून कधी कधी आम्ही पडदा सरळ करतो.

आईंना एक सांगा. हे तातडीचं ऑपरेशन नाही. सहा महिने थांबल्याने काहीच बिघडणार नाही. विम्यावर करणार असाल तर पॉलिसीचे कागद बघून घ्या, बऱ्याच पॉलिसींत या ऑपरेशनसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते. थांबायचं नसतं ते वेगळ्या प्रसंगी. क्रिकेटचा चेंडू किंवा कबड्डीत कोपर नाकावर बसलं आणि काही तासांत दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते एक-दोन दिवस राहिलं तर कूर्चा मरते. त्याच दिवशी दाखवायचं. तसंच मोठ्या माणसाची एकच बाजू नव्याने बंद झाली आणि रक्ताळ शेंबूड येऊ लागला, तर ‘हाड वाढलं असेल’ म्हणून घरी बसू नका, आत गाठ नाही ना हे बघावं लागतं.

आता तुम्ही काय करायचं. थेंब दोन्ही बाजूंचे एकदम सोडले तर तिसऱ्या रात्री परत सुरू कराल. म्हणून आज फक्त डाव्या, मोकळ्या बाजूचे बंद करा. डॉक्टरांना विचारून स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करा. मान थोडी पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं तोंड पडद्याकडे नको, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. पहिले दहा-बारा दिवस काहीच फरक वाटणार नाही, तरी सोडू नका. दोन आठवड्यांनी उजव्या बाजूचे थेंबही बंद करा. सहा आठवडे झाले की थेंबांशिवायच्या नाकाने डॉक्टरांकडे जा आणि वर सांगितलेली तपासणी औषध टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर, दोन्ही वेळा करायला सांगा. तेव्हाही उजवी बाजू तशीच बंद असेल आणि दुर्बिणीत पडदा तिथेच अडवताना दिसला, तर ऑपरेशन करा. माझ्या भावाचं नाक असतं तर मीही हेच सांगितलं असतं.